डोंबिवलीहून अर्धवेळ एमबीए: अर्ज कुठे करावा, कसा लिहावा?

एका वाचक मैत्रिणीनं लांबलचक मेल पाठवली आहे, त्यातला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी ३२ वर्षांची. मुंबई विद्यापीठाची बी.कॉम., ५६ टक्के, दुसऱ्या वर्षाला एक केटी, म्हणजे एक विषय राहिला होता. अंधेरीला सहार कार्गोजवळ एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे निर्यातदारांचा माल विमानानं पाठवून देणाऱ्या कंपनीत ८ वर्षं काम करते, सध्या असिस्टंट मॅनेजर. राहते डोंबिवलीला. साडेतीन वर्षांची मुलगी आहे, दिवसभर सासूबाई सांभाळतात. नोकरी न सोडता एमबीए करायचं आहे. मैत्रीण मार्केटिंग करतेय म्हणून मीही तेच धरलंय. कुठे अर्ज करू? केटीमुळे अडेल का? साहेबांना कधी सांगू? यंदा भरू की मुलगी मोठी झाल्यावर? एसओपीचा, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणाऱ्या निवेदनाचा मसुदा सोबत पाठवतेय. खरं सांगायचं तर मनात एकच कोडं आहे. आमचे सगळ्यात मोठे ग्राहक सगळ्यात जास्त धंदा देतात, तरी दर महिन्याला पगाराच्या वेळी मालकांची ओढाताण का होते?’

तुमच्या या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण पूर्ण मेलमधलं सर्वात मोलाचं वाक्य तेच आहे आणि एसओपीच्या मसुद्यात नेमकं तेच नाही.

मसुद्यात तुम्ही लिहिलंय, ‘आजच्या स्पर्धेच्या युगात व्यवस्थापनाचं ज्ञान अत्यावश्यक असून आपल्या नामांकित संस्थेत ते मिळेल अशी मला खात्री आहे.’ पुढे नेतृत्वगुण, सर्वांगीण विकास, दूरदृष्टी. आठ वर्षांची नोकरी दीड ओळीत संपली आहे. मी अर्धवेळ अभ्यासक्रमांच्या मुलाखतींना पॅनेलवर बसते आणि संध्याकाळच्या वर्गांना शिकवते. असे मसुदे आमच्यासमोर गठ्ठ्यानं येतात. त्यावरचं नाव झाकलं तर तो बीकेसीतल्या बँकवाल्याचा आहे की तळोज्याच्या कारखान्यातल्या इंजिनीअरचा, हे सांगता येत नाही. पगाराच्या वेळच्या ओढाताणीचं वाक्य मात्र फक्त तुम्हीच लिहू शकता.

पूर्णवेळ आणि अर्धवेळ प्रवेशात मुळातला फरक इथेच आहे. बावीस वर्षांच्या मुलाकडे दाखवायला गुणांशिवाय फारसं काही नसतं, म्हणून पूर्णवेळ एमबीएसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. २०० प्रश्न, १५० मिनिटं, आणि पर्सेंटाइलवर बराचसा निकाल. अर्धवेळ वर्गात तसं नसतं. तिथे बसलेला प्रत्येक जण दिवसभर कुठेतरी काम करून आलेला असतो आणि शिकवणाऱ्याच्या निम्म्या उदाहरणांचा पुरवठा वर्गातूनच होतो. मी खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा शिकवते तेव्हा मागच्या बाकावरचा बँकेतला अधिकारी कॅश क्रेडिट या धंद्यासाठीच्या कर्जाची खरी भानगड सांगतो आणि औषध कंपनीतली मुलगी स्टॉकिस्टकडे अडकलेल्या मालाची. त्यामुळे पॅनेलच्या मनात दोनच प्रश्न असतात: ही व्यक्ती वर्गात काय घेऊन येईल, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत टिकेल का? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा आहे. पहिल्या दिवाळीनंतर काही बाकं रिकामी पडू लागतात. ती बहुतेकदा हुशार माणसांचीच असतात, फक्त आपण का आलो याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

आता तुमचं कोडं. आकडे सोयीचे धरते, तुम्ही तुमच्या कंपनीचे घालून बघा. एक मोठा निर्यातदार तुम्हाला महिन्याला ५० लाखांचं काम देतो आणि ६० दिवसांनी पैसे देतो. म्हणजे कुठल्याही दिवशी त्याच्याकडे तुमचे साधारण १ कोटी अडकलेले असतात. एअरलाइनला तुम्हाला समजा १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, म्हणजे त्यांच्याकडून मिळालेली उधारी जेमतेम २५ लाखांची. मधले ७५ लाख मालकांनी कुठून तरी उभे करायचे. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला ९ लाख. या ग्राहकाची वर्षाची उलाढाल ६ कोटी आणि त्यावर ४ टक्के मार्जिन म्हटलं तर कमाई २४ लाख. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग व्याजातच गेला. त्यात ग्राहक जितका मोठा, तितकी तो उधारी जास्त मागतो आणि दर पाडून घेतो. धंदा वाढला की ओढाताणही वाढते, ती यामुळे. छोटा ग्राहक, जो आठवड्यात पैसे देतो आणि ज्याच्याकडे सेल्सवाले ढुंकून बघत नाहीत, तो कदाचित तुमच्या कंपनीला जास्त कमावून देत असेल.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण तुम्ही मार्केटिंगचा अभ्यासक्रम धरून बसला आहात. तुमचं कोडं मार्केटिंगचं नाही. ते वित्ताचं आहे. ग्राहकाला किती उधारी द्यायची आणि कुठल्या दराला नाही म्हणायचं, हा तुमच्या कामातला अडलेला प्रश्न. त्यामुळे तुम्ही वित्त व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम बघावा, नाहीतर सर्वसाधारण एमबीए करून त्यात वित्त घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मैत्रिणीबरोबर एकाच गाडीनं जाता येईल हे कारण तीन वर्षं पुरत नाही.

आता पर्याय. मुंबईत ‘नोकरी करता करता एमबीए’ या एका पाटीखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि लोक तिथेच फसतात.

पहिला प्रकार मुंबई विद्यापीठाच्या अर्धवेळ पदव्युत्तर पदव्यांचा. एमएमएम म्हणजे मार्केटिंग, एमएफएम म्हणजे वित्त, एमएचआरडीएम म्हणजे मनुष्यबळ, एमआयएम म्हणजे माहिती व्यवस्थापन. परंपरेने तीन वर्षांचे, सहा सत्रांचे, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी भरणारे वर्ग. पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, संस्था आपली परीक्षा घेते आणि मग गटचर्चा, मुलाखत. पदवीच्या नावात एमबीए नसलं तरी ती विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आहे आणि मुंबईच्या कंपन्यांना ती चांगली ठाऊक आहे. दुसरा प्रकार अभिमत किंवा खासगी विद्यापीठाच्या स्वतःच्या एमबीएचा. पार्ल्याचं एनएमआयएमएस २००३ पासून अभिमत विद्यापीठ आहे आणि विद्याविहारचं सोमय्या २०१९ पासून स्वतंत्र खासगी विद्यापीठ, म्हणजे तिथली पदवी आता मुंबई विद्यापीठाची नसते. तिसरा प्रकार पीजीडीएमचा. ती पदविका असते, तिला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का आणि एआयू या विद्यापीठांच्या संघटनेनं ती एमबीएच्या समकक्ष मानली आहे का, हे दोन्ही तपासायचं. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर हे फार महत्त्वाचं. चौथा प्रकार एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेटचा. मोठ्या संस्थेचं नाव, सहा महिने ते वर्षभर, शनिवार-रविवार ऑनलाइन. शिकायला यातले काही उत्तम असतात, पण ती पदव्युत्तर पदवी नव्हे. पवईचं नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं, तेव्हापासून ‘मुंबईत आयआयएमचं एमबीए’ म्हणून मला विचारणारे वाढलेत. त्यांना मी एवढंच सांगते की अभ्यासक्रमाच्या शेवटी हातात येणाऱ्या कागदावर नेमकं काय छापलेलं असेल, ते आधी विचारा.

ऑनलाइन एमबीएही तुमच्यासाठी बाद नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्यता दिलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते, आणि आता प्रवेशासाठी तिथला डेब आयडी हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांकही काढावा लागतो. प्रवास वाचतो ही जमेची बाजू. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की घरी अभ्यासाला बसलं की मुलगी मांडीवर येऊन बसते. चार भिंतींचा वर्ग तुम्हाला जास्त मानवेल असं मला वाटतं.

लोकलच्या डब्यात ‘एका वर्षात पदवी, परीक्षा नाही’ असं चिकटवलेलं दिसतं, त्या नंबरवर चुकूनही फोन करू नका. मागच्या तारखेची पदवी पुढच्या एखाद्या पार्श्वभूमी तपासणीत उघडी पडते आणि आहे ती नोकरीसुद्धा घेऊन जाते.

आता प्रवास. तुमच्या बाबतीत संस्थेच्या नावाइतकाच तो निर्णायक आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. तुम्ही अंधेरीहून सुटणार आणि रात्री डोंबिवलीला पोचणार. पार्ल्याचं एनएमआयएमएस तुमच्या ऑफिसपासून सगळ्यात जवळ. वर्ग संपल्यावर अंधेरी गाठायची, मेट्रोनं घाटकोपर, तिथून जलद लोकल. अडचण एकच, रात्री घाटकोपरला कल्याण जलदमध्ये बसायला जागा मिळणं कठीण. सोमय्याचं विद्याविहार घराच्या दिशेलाच आहे, पण तिथे धीम्या गाड्याच थांबतात, म्हणजे एक स्टेशन धीम्यानं घाटकोपरला यायचं आणि तिथून जलद. वेलिंगकर ही व्यवस्थापन संस्था माटुंग्याला, मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनजवळ. तिथेही धीम्याच गाड्या, त्यामुळे परतताना दादर गाठावं लागेल.

आणि चर्चगेट. जमनालाल बजाज, म्हणजे १९६५ साली सुरू झालेली मुंबई विद्यापीठाची स्वतःची व्यवस्थापन संस्था, आणि १९८३ ची सिडनहॅम व्यवस्थापन संस्था, दोन्ही तिथे. नकाशात बघितलं तर हा तुमच्यासाठी सर्वात वाईट पर्याय दिसतो. मला तसं वाटत नाही. संध्याकाळी अंधेरीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्या गर्दीच्या उलट्या दिशेच्या असतात. शिवाय ‘मेट्रो ३’ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावू लागली आहे, सहार रोडला बसलात की थेट चर्चगेटला उतरता. आणि परतताना तुम्ही सीएसएमटीला गाडी पकडणार, जिथून ती सुटते. तिथे लवकर चढलं तर खिडकीची नाही तरी बसायची जागा मिळते, आणि डोंबिवलीपर्यंत सव्वा तासाच्या आसपासचं वाचन होतं. माझ्या कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी केस स्टडी अशाच वाचून संपवल्या आहेत. या दोन्ही संस्थांची फी खासगी संस्थांपेक्षा खूपच कमी असते, हेही धरा. अर्थात घरी पोचायला साडेदहा-अकरा होतील. ते तुम्हाला आणि घरच्यांना चालणार आहे का, हे कागदावर ठरत नाही. अर्ज भरण्याआधी आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तिथे जा, वर्ग सुटण्याच्या वेळेपर्यंत थांबा आणि त्याच गाडीनं घरी या. जमल्यास पावसाळ्यात. रविवारीही एकदा जाऊन बघा, कारण रेल्वेचा दुरुस्तीसाठीचा मेगाब्लॉक बरेचदा माटुंगा ते मुलुंड या तुमच्याच पट्ट्यात असतो आणि रविवारचे वर्ग त्यासाठी थांबत नाहीत.

माझा क्रम विचाराल तर चर्चगेटच्या दोन्ही ठिकाणी वित्ताचा अभ्यासक्रम, मग माटुंगा, मग पार्ले. तीन-चार अर्ज पुरे. प्रत्येक ठिकाणी यंदा कोणते वर्ग भरणार आहेत आणि अटी काय, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यायचं, मागच्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावरून नाही.

परीक्षेची भीती तुम्ही घेतली आहे, ती गरजेपेक्षा जास्त आहे. संस्थांच्या परीक्षांत येणारं गणित शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, व्याज, तक्ते वाचणं या पातळीचं असतं. दिवसभर तुम्ही व्हॉल्यूमेट्रिक वजन (खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन) आणि विनिमय दर यांचीच आकडेमोड करता. वेग तेवढा परत आणायचा. दोन महिने रोज अर्धा तास, घड्याळ लावून, कॅल्क्युलेटरशिवाय. एखाद्या ठिकाणी जीमॅट किंवा एनमॅट या बाहेरच्या प्रवेश परीक्षांचे गुण मागत असतील तरच तिकडे वळा. जीमॅटचा निकाल ५ वर्षं चालतो आणि कॅटचा फक्त १ वर्ष, त्यामुळे पुढेमागे दुसरीकडे अर्ज करायचा विचार असेल तर पैसे जीमॅटवर घालणं शहाणपणाचं.

केटीचं म्हणाल तर पदवी पूर्ण झाली आहे, प्रश्न मिटला. किमान टक्क्यांची अट असते ती बघून घ्या, ५६ ला सहसा अडत नाही. मुलाखतीत केटीबद्दल विचारलंच तर एका वाक्यात कारण आणि एका वाक्यात ती कधी सोडवली, एवढंच. वडिलांचं आजारपण, त्या वर्षीचा पेपर, तपासणीतले घोळ हे सगळं सांगत बसलात तर पॅनेलला पुढे विचारायला दुसरं काही राहणार नाही.

एसओपी पुन्हा लिहायचा आहे. आधी मराठीत लिहा. तुमच्या मेलमधलं मराठी जितकं थेट आहे तितकंच मसुद्यातलं इंग्रजी उसनं वाटतं. चार गोष्टी लिहा. तुम्ही रोज नेमकं काय करता. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही स्वतः घेतलेला एक निर्णय आणि त्याचा परिणाम, आकड्यासकट. कुठे अडता. आणि या अभ्यासक्रमातले कोणते विषय त्या अडचणीला भिडतात. मेलमध्ये तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे की एका ग्राहकाची शिपमेंट कागद अपुरे म्हणून कार्गो टर्मिनलवर वारंवार अडायची, डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार बसायचा, म्हणून तुम्ही बुकिंगच्या आदल्या दिवशीच कागद तपासायची यादी सुरू केली आणि डेमरेज जवळपास थांबलं. हाच तुमचा दुसरा परिच्छेद आहे! किती शिपमेंट, किती रुपये वाचले, यादी तुम्ही एकटीनं केली की कुणाला पटवावं लागलं, हे घाला. सेल्सवाल्यांशी भांडण झालं असेल तर तेही लिहा, कारण माणसांना बरोबर घेणं हाच व्यवस्थापनातला अवघड भाग आहे. फक्त ग्राहकाचं नाव आणि कंपनीचे खरे दर बाहेर जाऊ देऊ नका. ‘एक वस्त्रनिर्यातदार’ एवढं पुरतं. जी व्यक्ती कंपनीची गुपितं अर्जात लिहिते, तिच्याबद्दल पॅनेलचं मत चांगलं होत नाही.

‘आपली नामांकित संस्था’ काढून टाका. संस्थेला ती नामांकित आहे हे ठाऊक असतं.

शिफारसपत्रासाठी तुम्ही डायरेक्टरसाहेबांचं नाव दिलं आहे. त्यांनी तुम्हाला वर्षातून किती वेळा काम करताना पाहिलं? पत्र तुमच्या थेट वरिष्ठांचं हवं, ज्यांनी ती कागदांची यादी तयार होताना पाहिली. त्यांना निदान तीन आठवडे आधी सांगा आणि एका पानावर प्रसंग, तारखा, आकडे लिहून द्या. पत्र मात्र त्यांनीच लिहायचं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं म्हणणारे साहेब भरपूर आहेत, पण अर्जदाराचीच भाषा आणि अर्जदाराचंच स्वतःविषयीचं कौतुक पत्रात लगेच ओळखू येतं. असे साहेब असतील तर दुसरा माणूस शोधा.

यातूनच साहेबांना कधी सांगायचं याचं उत्तर मिळतं: अर्जाआधी. काही संस्था ना हरकत पत्र मागतात, आणि नाही मागितलं तरी आठवड्यातले काही दिवस वेळेवर निघावं लागणार हे लपत नाही. ‘मला एमबीए करायचंय’ एवढंच सांगायला जाऊ नका. कुठल्या दिवशी किती वाजता निघणार, त्या वेळेत शेवटच्या बुकिंगकडे कोण बघणार, परीक्षेच्या काळात रजा कधी लागेल आणि मार्चअखेरीच्या घाईत तुम्ही हजर असाल, हे ठरवून जा. कंपनी फी भरायला तयार झाली तर आनंदच आहे, पण त्याबरोबरचा बॉण्ड नीट वाचा. किती वर्षं थांबायचं, आधी सोडलं तर पूर्ण रक्कम परत की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनंच काढलं तर काय. हे तिसरं कलम बहुतेक बॉण्डमध्ये लिहिलेलंच नसतं, ते लिहून घ्या. पदवीमुळे बढती मिळेल असं तोंडी आश्वासन आलं, तर कोणता अभ्यासक्रम त्यासाठी ग्राह्य धरणार ते एचआरकडून मेलवर मागवा.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण यावरून नंतर लोक नाराज होतात. अर्धवेळ अभ्यासक्रमांना सहसा कॅम्पस प्लेसमेंट नसते. तीन वर्षांनी दारात नवी कंपनी उभी राहील असं समजून येऊ नका. ओळखी वाढतात, वर्गातले लोक एकमेकांना नोकऱ्या सांगतात आणि त्यातून बदल घडतोही, पण तो आपणच घडवायचा असतो.

कागदपत्रं आजच काढून ठेवा. सगळ्या सत्रांच्या मार्कशीट, केटीच्या प्रयत्नाचीसुद्धा. पदवीदान प्रमाणपत्र. अनुभवाची पत्रं लेटरहेडवर, रुजू झाल्याची तारीख आणि हुद्द्यासकट. तुमची पहिली कंपनी बंद पडली म्हणता, तर भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवरची सेवेची नोंद, त्या वर्षांचे फॉर्म १६ आणि पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट यांतून अनुभव दाखवता येतो, संस्थेला आधी विचारून घ्या. आणि तुमच्या मेलवरचं आडनाव व मार्कशीटवरचं आडनाव वेगळं दिसतंय. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी नसेल तर ते सगळ्यात आधी. मुलाखतीत उत्तम ठरलेल्या मुली या एका कागदासाठी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी धावपळ करताना मी पाहिल्या आहेत. आरक्षित जागेवर अर्ज करणार असाल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमी लेयर यांनाही वेळ लागतो.

मुलाखतीत पॅनेल तुम्हाला तुमच्या कंपनीबद्दल विचारेल आणि बहुतेक उमेदवार तिथेच गडबडतात. कंपनी पैसे नेमके कशातून कमावते, स्पर्धक कोण, ग्राहक तुमच्याकडेच का येतो, विमानाचं भाडं वाढलं की तोटा कुणाच्या अंगावर पडतो? आठ वर्षं काम केलेल्या माणसाला हे सांगता आलं पाहिजे. लेखाविभागातल्या सहकाऱ्याशी तासभर बोला आणि वर मी केलेलं गणित तुमच्या कंपनीच्या आकड्यांवर करून बघा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. गटचर्चेत सगळ्यात आधी बोलण्यापेक्षा दुसऱ्याचं ऐकून त्यात भर घालणाऱ्याला मी जास्त गुण देते.

आणखी एक प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, तुमच्या नवऱ्याला कदाचित कुणीच विचारणार नाही: ‘लहान मुलगी आहे, जमेल का?’ हा प्रश्न विचारला जाऊ नये, असं मी प्रत्येक पॅनेलवर म्हणते आणि म्हणत राहीन. तरी तो येतो. आला तर ओशाळू नका आणि सासूबाईंची स्तुतीही सुरू करू नका. ‘घरी व्यवस्था ठरली आहे, वर्गाच्या दिवशी मुलीची जबाबदारी तिच्या वडिलांची आहे,’ एवढं शांतपणे सांगा आणि कामाच्या विषयावर परत या.

अर्थात ते खरं असायला हवं. मेलमध्ये सासूबाई चार वेळा आल्या आहेत आणि नवरा एकदाही नाही. दिवसभर साडेतीन वर्षांच्या मुलीमागे धावणाऱ्या बाईकडे रात्रीचे आणखी तीन तास आणि रविवार सरळ धरून चालू नका. त्या नाही म्हणणार नाहीत, म्हणून तर विचारायला हवं. वर्गाच्या दिवशी नवरा किती वाजता घरी येईल, स्वयंपाक कोण करेल, मुलगी आजारी पडली तर रजा कोण घेईल, हे अर्जाच्या फीआधी तिघांनी बसून ठरवा.

पैशाचं थोडक्यात. चर्चगेटला मिळालं तर बहुधा कर्जाची गरज पडणार नाही. खासगी संस्थेसाठी कर्ज काढलंत तर अर्धवेळ अभ्यासक्रमाला तुमची बँक शैक्षणिक कर्ज देते का, की वैयक्तिक कर्जच गळ्यात मारते, हे विचारा. व्याजदरात मोठा फरक असतो. कलम ८०-ई म्हणून ओळखली जाणारी शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट जुन्या करप्रणालीत ८ वर्षांपर्यंत मिळते, नव्या करप्रणालीत नाही. वर्षाला ६० हजार व्याज भरलं आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह साधारण १२,५०० रुपये वाचतात. तेवढ्यासाठी जुनी प्रणाली घ्यायची का, हे गृहकर्ज वगैरे सगळं मांडून ठरवा. स्वतःच्या फीवर ८०-सीची वजावट मिळत नाही, फीची ती वजावट मुलांच्या शाळा-कॉलेजच्या फीसाठी असते.

यंदा की पुढे? यंदा. मुलगी मोठी झाली की शाळा, अभ्यास, शाळेतल्या सभा सुरू होतात आणि तेव्हाचा वेळ आत्ताच्या वेळेपेक्षा जास्त मोकळा असेल असं मला वाटत नाही. आत्ता प्रवेश घेतलात तर ती पहिलीत जाईल तेव्हा तुम्ही तिसऱ्या वर्षात असाल. बत्तीस हे वय तर अर्धवेळ वर्गात अगदी मधलं, माझ्या वर्गात पंचेचाळिशीचे लोकही बसतात. एसओपीचा नवा मसुदा झाला की पाठवा. त्यात डेमरेजचा आकडा आणि मोठ्या ग्राहकाचं व्याजाचं गणित असेल तरच मी तो वाचीन.